एकाचंही नाव न घेता

पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी लताबाईंच्या घरात सतरंजीवर आठ पोरं बसली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाईंचा वर्ग काही सुटला नव्हता. आज फक्त फळ्याच्या जागी टीव्ही होता. सात वाजता राष्ट्रपतींचं देशाला उद्देशून भाषण होणार होतं.

बाईंचं अर्धं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या सृष्टीकडे होतं. गेल्या वर्षी कॉलनीच्या झेंडावंदनाला ती भाषणाला उभी राहिली आणि अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, नगरसेवक अशी नावं घेता घेता पाचव्या नावाला अडकली. पुढचं सगळं भाषण पाठ असून रडत खाली उतरली. उद्या पुन्हा तिची पाळी होती. "मी नाही बोलणार," असं ती सकाळीच सांगून गेली होती. यंदा मागे सरली तर ही पोरगी परत माइकपुढे उभी राहायची नाही, हे बाईंना कळत होतं.

"बाई, हे भाषण कशाला असतं?" सुयशने विचारलं.

"उद्या आपली राज्यघटना लागू झाली तो दिवस. वर्षभरात काय जमलं, काय राहिलं, ते आदल्या संध्याकाळी सगळ्यांना सांगायचं."

"मला झोप येणार!"

"येऊ दे. घोरलास तर दिल्लीला ऐकू जाईल."

राष्ट्रगीत लागलं तशी पोरं ताडकन उभी राहिली. मग राष्ट्रपतींनी सुरुवात केली, "प्यारे देशवासियो..."

"बाई, अध्यक्ष महाशय राहिले!" सुयश ओरडला. "आणि हार-नारळ? स्वागतगीत?"

पोरं खिदळली. सृष्टी मात्र पुढे सरकली. "बाई, एकाचंही नाव घेतलं नाही. कुणी रागावणार नाही?"

"कोण रागावणार? त्या दोन शब्दांत तू आलीस, मी आले, दिंडोरीला द्राक्षबागेत फवारणी करणारा तुझा मामा आला. राहिलं कोण?"

सृष्टीने बोटांवर माणसं मोजली. "नगरसेवकपण आले?"

"तेही आले."

दुसऱ्या दिवशी झेंडा फडकला. मंडळाच्या रंगनाथरावांनी सृष्टीच्या हातात चिठ्ठी कोंबली. "नावं क्रमानं घे गं, उगाच कुणी रुसायला नको." बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. सृष्टीने चिठ्ठीकडे पाहिलं, ती घडी करून खिशात घातली आणि माइक खाली ओढला.

"माझ्या कॉलनीतल्या सगळ्या माणसांनो..."

मग ती थांबलीच नाही. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" हे मात्र सवयीनं आलंच.

टाळ्या वाजत असतानाच रंगनाथराव बाईंजवळ आले. "बाई, नावं राहिली की हो सगळी!"

बाई काही बोलायच्या आत मागून आवाज आला. पहाटे मैदान झाडून आता भिंतीला टेकून बसलेल्या चिमणाबाईचा.

"माझं नाय राहिलं. दरसाल राहतंय, यंदा आलं!"