विहिरीवर नसलेला पोहरा

ज्या वर्षी माझ्या धन्याच्या, खत्रीच्या, थोरल्या मुलीचे, मेनीतूचे, लग्न झाले, त्याच वर्षी मी शिवला गेलो. मित्रांनो, मी मॉरिटानियाच्या वाळवंटातला एक जुना पोहरा आहे. आमच्याकडे कातडीकाम लोहारांच्या बायकाच करतात; तसल्याच एका घरच्या तूतूबाईने उंटाच्या मानेचे कातडे कापून मला घडवले. बाभळीच्या लाकडाचे कडे तोंडाला बसवले, पाणी भरून सकाळपासून दुपारपर्यंत मला टांगून ठेवले. थेंबही गळला नाही. तेव्हापासूनच मला गर्व झाला असावा.

माझी विहीर तांबड्या खडकाच्या कड्याखाली होती. उत्तरेला काळ्या खड्यांचे सपाट रान, तिथे तीन दिवस चालले तरी बसायला सावली नाही. पूर्वेला वाऱ्याने लांबवत नेलेल्या वाळूच्या रांगा. हा देश सगळ्यांनी आडवा पाहिला, मी उभा पाहिला. विहिरीत वीस वाव, म्हणजे वीस माणसांच्या उंचीइतके, खाली उतरताना आधी वाळू लागे, मग चुन्यासारखा पांढरा थर. त्यात गोगलगाईंचे शंख रुतलेले. म्हणजे कधीकाळी इथे तळे होते. त्याखाली पिवळी माती, आणि अगदी तळाला ओले गोटे, एखाद्या बुजलेल्या नदीचे. कोरडा देश वर होता. खाली तो अजून ओला होता, आणि दोन्हींच्या मध्ये ये-जा करणारा मी एकटाच होतो.

त्या मुलखाचा एक रिवाज आहे. पोहरा आणि दोर विहिरीवरच टांगून जायचे. विहीर कुणाचीही असो, पोहरा मागून येणाऱ्याचा. उत्तरेच्या खारवटातून मीठ आणणारे लोक त्या भरवशावरच निघत. लांब दोराचे ओझे कुणी बरोबर घेत नसे. माणसे पाणी पिऊन "गोड आहे" म्हणत आणि मला वाटे, हे माझेच कौतुक.

तीन वर्षांनी माझा एक टाका सुटला. त्या सुमारास दक्षिणेकडे ढग उतरले आणि सगळे तंबू तिकडच्या नव्या गवतामागे गेले. खत्री त्या भागातला नावाजलेला वाटाड्या. मूठभर वाळू हुंगून कुठे आहोत ते सांगणारा. त्याने रानाकडे पाहिले, ढगाकडे पाहिले आणि ठरवले की इतक्यात इकडे कुणी फिरकणार नाही. मला आणि दोराला त्याने खोगिराला बांधले. तूतूबाईच्या तंबूपर्यंत दोन दिवसांची वाट, डागडुजी करून परत दोन दिवस.

तूतूबाईने मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "पोहरा आणलास? मग विहीर कशाला ठेवलीस तिथं? तीही आणायची काठाळीत घालून. अरे, मी येऊन तिथंच शिवलं असतं."

"चार दिवसांत कोण मरतंय तिकडे, मावशी?" खत्री हसत म्हणाला.

टाका त्याच संध्याकाळी घातला गेला. पण पहाटे मेनीतूला मुलगा झाला. सातव्या दिवशी बारसे, आणि आजोबाला कोण सोडणार? मेंढा कापला, चहाचे तीन-तीन पेले फिरले. मला लोणी चोळून तंबूत टांगले होते. जन्मात पहिल्यांदाच मी सावलीत होतो. लाज वाटते सांगायला, पण हे दिवस संपू नयेत असे मला वाटत होते.

बारशानंतर दोन दिवसांनी आम्ही विहिरीवर पोचलो. काठाशी पावले उमटलेली होती. खत्रीने वाकून ती पाहिली, तीन दिवसांपूर्वीची होती. त्याने मला खाली सोडले. मी तळाला टेकलो, भरलो, वर आलो. माझ्यात पाण्याबरोबर एक चहाची किटली होती. तिच्या कानाला दोर म्हणून बांधलेला फेटा, त्याला जोडलेला उंटाचा तंग, आणि तंगाला गाठ सुटलेले टोक.

ती किटली खत्रीच्या ओळखीची होती.

पावलांमागे तो अर्धा दिवस दक्षिणेला चालत गेला. एका बाभळीखाली त्याचा भाऊ होता. जवळ फाटकी पखाल, पलीकडे उंट उभा. लोक जमले तेव्हा कुणीतरी हळूच म्हणाले, बिचारा वाट चुकला असेल.

"चुकला नाही," खत्री म्हणाला. "तो अगदी बरोबर आला होता."

त्यानंतर खत्रीने वाटाड्याचे काम सोडले. मला त्याने विहिरीच्या खांबाला कायमचे बांधले. आता माझे कातडे वाळून तडकले आहे. माझ्या जागी ट्रकच्या ट्यूबचा पोहरा आला आहे, तो बरा आहे. कौतुक ऐकले की मी अजूनही मान खाली घालतो.

मित्रांनो, जी वस्तू सगळ्यांची असते तिची डागडुजी तिच्या जागेवरच करा. तिला घरी नेऊ नका, चार दिवसही नाही. कोण निघाले आहे ते आपल्याला दिसत नसते.

खत्रीचा धाकटा भाऊ देदाही, मेनीतूच्या मुलाच्या बारशाच्या दिवशी, दुपारच्या आत, तहानेने मेला.