भिंतीआडून पारखलेला स्पीकर

नेकनूरचे बिभीषणकाका घासाघीस केल्याशिवाय साधी काडेपेटीही घेत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी बीडमध्ये, स्टँडमागच्या मुजाहिदच्या दुकानात त्यांनी भाव विचारायच्या आधीच भलतं काहीतरी सुरू केलं. मुजाहिदनं एक स्पीकर लावला की काका दुकानातून बाहेर पडत, वळसा घालून मागच्या बोळात जात आणि भिंतीकडे तोंड करून उन्हात उभे राहत. मग परत येऊन म्हणत, "दुसरा लाव."

दोनदा असं झाल्यावर मुजाहिदला राहवेना. "चाचा, लोक समोर उभं राहून ऐकतात. तुमी भिंतीमागं कावून जाता?"

"आमच्या घरी भिंतीपलीकडूनच ऐकायचं हाय," काका म्हणाले. त्यांच्या मते यात विचित्र असं काही नव्हतं.

आणि खरंच, त्यांच्या घराची रीतच तशी होती. काकांची बायको केसरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, सासऱ्यांचा टेप होता. सोप्यात पुरुष माणसं बसायची, त्यामुळे सुनेनं तिकडं फिरकायचं नाही. सोप्यामागं हातभर जाडीची दगडमातीची भिंत, आणि तिच्या पलीकडं चूल. तिथं भाकरी थापता थापता केसरबाई टेपवरचं गाणं गुणगुणायच्या. कॅसेटची एक बाजू संपली की टेप गप्प व्हायचा, पण भिंतीमागचं गुणगुणणं आणखी थोडा वेळ चालू राहायचं. काका मुद्दाम कॅसेट उलटायला वेळ लावायचे. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं आणि बायकोला एका शब्दानं सांगितलं नाही. माणूस रानात वाघ आणि घरात मुका, असा हा प्रकार.

सासरे गेले, टेप तिथंच राहिला. मुजाहिदच्या वडिलांनी, इसाकभाईंनी, तो तीनदा जिवंत केला होता. मागच्या दिवाळीत तो चौथ्यांदा बसला, तेव्हा मुजाहिदनं हात जोडले, आता पार्ट मिळत नाहीत म्हणाला. त्यानंतर चारच महिन्यांनी धाकटी लेक तेजश्री लग्न होऊन सिरसाळ्याला गेली. घरात राहिली दोन माणसं. केसरबाई कामं सगळी करायच्या, पण गुणगुणणं बंद झालं, आणि हळूहळू बोलणंही. "जेवायला चला" आणि "दार लावा", एवढ्यावर दिवस निघायचा. काकांना त्या शांततेची भीती वाटायला लागली होती. बाई आतून विझत चालली आहे, आणि आपल्याला फुंकर घालता येत नाही, असं त्यांना वाटायचं. गाणं आलं तर ती पुन्हा गुणगुणेल, ही एकच आशा धरून ते बीडला आले होते.

पहिला स्पीकर चांगला कमरेएवढा, वर लुकलुकणारे दिवे. भिंतीमागून त्याची नुसती धडधड ऐकू आली. "हे तर वरातीतलं हाय," म्हणून काकांनी तो नाकारला. दुसरा मुठीत मावणारा. त्याचा आवाज भिंतीला भिऊन दुकानातच थांबला. तिसरा मध्यम, वर धरायला मूठ, चार्जिंगचा, पेनड्राइव्हवर चालणारा, रेडिओही होता. बोळात उभं राहिल्यावर त्यातल्या गाणाऱ्या बाईचा आवाज कानाला गोड लागला. काका परत आले ते हसतच. किंमतही दीड हजाराच्या आत बसत होती.

"पेनड्राइव्हमध्ये जुनी गाणी भर," ते म्हणाले. "अन् ते एक पयलं टाक." त्यांनी गाण्याची ओळ सांगितली. केसरबाई सगळ्यात जास्त तेच गुणगुणायच्या.

दुपार कलली तेव्हा काका घरी पोचले. केसरबाई पीठ मळत होत्या. काकांनी स्पीकर सोप्यातल्या कोनाड्यात ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडं केलं, आवाज वाढवला आणि बाजेवर बसून कान टवकारले.

पलीकडं परातीचा आवाज थांबला. गाण्याचं पहिलं कडवं संपलं, दुसरं संपलं. गुणगुणणं काही ऐकू येईना. काकांनी मधेच गाणं थांबवून पाहिलं. पलीकडं चिडीचूप. त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तेवढ्यात केसरबाई दारात आल्या. हात पिठानं भरलेले. कोनाड्याकडं बघत त्यांनी विचारलं, "हे उचलून न्हेता येतं का?"

"येतं की. मूठ हाय त्याला."

त्यांनी पिठाच्या हातानंच स्पीकर उचलला आणि आत नेला. काकांना वाटलं, आता बंद करणार. पण आवाज फक्त कमी झाला. थोडा वेळ वाट बघून ते उठले आणि चुलीपाशी गेले. पालथ्या डब्यावर स्पीकर, त्याच्याशेजारी केसरबाई मांडी घालून बसलेल्या. तवा रिकामाच तापत होता.

"आवडलं न्हाई का?" काकांनी विचारलं. "गुणगुणंना झालीस म्हणून म्हनलं."

"थांबा जरा. ऐकू द्या."

गाणं संपलं. केसरबाईंनी वर पाहिलं. "अवं, ही बाई नवऱ्यावर रुसलीय."

"मग? तसंच हाय ते. दिस मावळंस्तोवर वाट बघून बसलीय, अन् त्यो आल्यावर तिच्याशी बोलतच न्हाई."

"मला आजपत्तुर देवाचं वाटायचं." केसरबाईंना हसू फुटलं. "ह्याच्यावर मी तेजूला झोपवली. नारायणगडाला दर्शनाच्या रांगेत बी हेच घोळवत उभी होते."

काकाही हसले. कितीतरी दिवसांनी घरात दोघं एकदम हसत होते. "अगं, चाळीस वर्सं गुणगुणतीस अन् तुला ठाव न्हाई?"

"भिंतीतून चाल येती. शबूद कुठं येत्यात?" केसरबाई अगदी सहज म्हणाल्या. "म्हणून तर नुस्तं गुणगुणायचे."

काकांचं हसू ओसरलं. ज्या गुणगुणण्यावर त्यांनी जन्मभर जीव लावला, ते बायकोचं भिंतीआडून चाचपडणं होतं. आणि आजही, बाजारात इतकी दुकानं असताना, ते बोळात उभं राहून तिच्यासाठी पुन्हा भिंतच पसंत करून आले होते. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"सोप्यात यायचं हुतंस की," ते कसंबसं म्हणाले. "बाबा जाऊन बारा वर्सं झाली."

"तुमी कदी ये म्हनला न्हाईत." त्यात तक्रार नव्हती. त्यांनी पायानं पाट पुढं सरकवला. "बसा हितं. शेवटचं कडवं नीट ध्यानात आलं न्हाई. त्यो मनवतो का तिला?"

काका पाटावर बसले. चुलीपुढं असं बसायची त्यांची ही जेवणाव्यतिरिक्त पहिलीच वेळ. "न्हाई. गाणं तितंच संपतं."

"असं कसं? कायतरी म्हनला असंलच की त्यो." केसरबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "तुमी सांगा. काय म्हनला असंल?"

काकांना ते गाणं शब्दन् शब्द पाठ होतं. पुढचं मात्र त्यांना स्वतःलाच जुळवावं लागणार होतं.

"चुकलं माझं, म्हनला असंल."

केसरबाईंनी मान खाली घातली, पिठाचा गोळा हातात घेतला आणि भाकरी थापायला लागल्या.