टिकलीचं जाऊळ

कामरेजच्या बाजारात मी एकदा एकच उंट दोन शेठना विकला होता, आणि संध्याकाळी दोघंही मला चहा पाजून गेले. असल्या माणसाला एका मांजरीसाठी बावीस हजार उभे करणं म्हणजे काय? हातचा मळ. सरलाबाईला मी तेच सांगितलं. "रडू नको. दिवस मावळायच्या आत टिकली डॉक्टरच्या टेबलावर असंल."

टिकली म्हणजे सरलाबाईची मांजर. पांढरीशुभ्र, कपाळावर काळा ठिपका. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत गाव सोडून आलेली गडीमाणसं लूमवर कापड विणतात, बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात. त्यातलाच जरीचा दोरा टिकलीनं गिळला आणि खाणंपिणं टाकलं. सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरनं तिच्या पोटावरचे केस भादरून सोनोग्राफी केली. म्हणाला, दोऱ्यानं आतडी गोळा झालीत, आजच पोट उघडावं लागेल, उद्यावर टाकलं तर जगणार नाही. सलाईन दिलं आणि पैशांची सोय करून संध्याकाळी आणा, म्हणाला.

सरलाबाईचा नवरा कधीच गेला, पोरबाळ नाही. घरात जीव असा तो एवढाच.

शेजारची प्रियांका कॉलेजात जाते. तिनं टिकलीचा फोटो मोबाईलवर टाकला, खाली पैसे पाठवायचा तो चौकोन. दुपारपर्यंत रडक्या तोंडांची चित्रं ढीगभर आली. पैसे आले ते एका चपलेच्या जोडापुरते.

"आबा, दारोदार फिरू या?" ती म्हणाली.

"मी कोनापुढे हात पसरनार नही," सरलाबाई टोपलीजवळून म्हणाली. "जन्मभर नही पसरला."

"कोण पसरायला सांगतंय?" मी म्हटलं. तेवढ्यात टिकलीनं कूस बदलली. पोट तुळतुळीत. मला हसूच फुटलं. "प्रियांका, हे काय दिसतंय?"

"पोट."

"येडे, जाऊळ निघालंय हिचं!"

आम्हा खानदेशी माणसांत लेकराचं जाऊळ म्हणजे लग्नाच्या खालोखाल कार्य. मांडव, मटण, माईक आणि आहेर. देणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम माईकवर पुकारायची, आणि त्याच्या दारी कार्य निघालं की चार पैसे वाढवून परत करायची. सरलाबाईनं गल्लीतलं एक लग्न, एक जाऊळ सोडलं नव्हतं. पण तिच्या दारी कधी मांडवच पडला नाही. लोकांनी परत करायचं तरी कुठं?

त्या दिवशी लूमच्या खात्यांना, म्हणजे कारखान्यांना, सुट्टी होती, सगळी गल्ली घरात लोळत होती. मी भाजीच्या टेम्पोवरचा भोंगा मागून आणला, सरलाबाईच्या दारात साडीचा मांडव बांधला आणि खाटेवर चढलो.

"ऐका हो मंडळी! सरलाबाईंच्या टिकलीचं जाऊळ! हीच ती मांजर, जिनं मोठ्या पुरात तापीतून एक म्हैस शेपटीला धरून काठावर आणली!"

"आबा, पुरात ही जन्मली पण नव्हती," प्रियांका कुजबुजली.

"म्हणून तर नवल. पहिला आहेर! लोटू मिस्तरी, गाव बेटावद, एक हजार एक!"

लोटू अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला. "ओ आबा! मी कव्हय दिना?"

"आते दे. आत्ता!"

"मांजरनं जाऊळ कोन करस रे?"

आतून त्याची बायको शीतल ओरडली, "आपल्या पोऱ्याच्या जाऊळात सरलाबाईनं पितळी घागर आणली होती, विसरलात? बेटावदचं नाव पुकारलंय भोंग्यावर. द्या मुकाट्यानं, आणि वर शंभर टाका!"

लोटूनं दिले. मग मी धुळ्याकडचे पुकारले, जळगावकडचे पुकारले. थोड्या वेळानं ज्यांचं नाव घेतलं नाही तेच भांडायला आले. "आमचं गाव काय ओस पडलं का, आबा?" परभणीच्या एका सुताराला आमची ही रीत ठाऊकही नव्हती, पण भोंग्यावर आपलं नाव ऐकायच्या हौसेनं तोही दोनदा देऊन गेला.

तरीही बेरीज निम्म्यावर येऊन अडली. समोरच्या गच्चीवर दगा शेठ हाताची घडी घालून उभा होता. वीस लूमचा मालक. पण चहात माशी पडली तर तिलाही पिळून टाकील असा. मी भोंगा तिकडं वळवला.

"मंडळी, मामाच्या मांडीशिवाय जाऊळ पुरं होत नाही! सरलाबाई मारवड गावची लेक. या गल्लीत मारवडचा दुसरा माणूस कोण?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. दगा शेठ ताडताड खाली आला. "म्हाताऱ्या, मला मांजरीचा मामा करतो? बाजारात तोंड दाखवू की नको?"

गल्ली खदखदून हसली. शेठ माझ्या गळ्याला हात घालायच्या बेतात होता, आणि खरं सांगतो, माझ्याजवळची थाप संपली होती. तेव्हा सरलाबाई टोपली घेऊन पुढं आली.

"दादा, पैशाचं राहू दे," ती म्हणाली. "माझ्या दारी पहिल्यांदा मांडव पडलाय. तू नुसता मांडीवर घे तिला. मारवडचं कोणीतरी बसलं, एवढं तरी होऊ दे."

शेठनं माझ्याकडं येणारा हात मागं घेतला. गावची लेक भरल्या मांडवात दादा म्हणते, तिला पाठ दाखवणारा माणूस मारवडला अजून जन्मला नाही. तो धोतरासारखी पँट सावरून खाली बसला. सरलाबाईनं त्याला कुंकू लावलं, आणि टिकलीला मांडीवर दिलं. ती इतकी हलकी झाली होती, की मांजर तिथंच राहिली का म्हणून शेठनं पहिल्यांदा टोपलीतच पाहिलं. मग टिकलीनं एक पंजा उचलला आणि त्याच्या शर्टात रुतवला. तिथंच धरून ठेवला.

"लई तापलीय रे ही," शेठ हळूच म्हणाला. मग मला, जोरात: "बघतो काय? भोंगा इकडं आण!"

मी तोंडाजवळ धरला. शेठनं घसा खाकरला.

"दगा शेठ, गाव मारवड. जेवढे कमी पडतील तेवढे. मामाकडून. आणि रिक्षा बोलवा कोणीतरी, भाषण काय ऐकता!"

दवाखान्यात बाकड्यावर सरलाबाई, प्रियांका, मी आणि शेठ. शेठ बसलाच नाही, भिंतीवरच्या कुत्र्यांच्या फोटोंपुढून येरझारा घालत राहिला. अखेर गुजराती कंपाउंडरनं दार उघडून मांजरीच्या माणसाला हाक मारली. "बिलाडीनुं कोण छे?"

सरलाबाई उठायच्या आत शेठ पुढं. "हुं छुं. मामा. जीवे छे ने?"

"जीवे छे. दोरो नीकळी गयो."

सरलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिच्या मागोमाग शेठही चपला काढून धावला, आणि जाता जाता मला दरडावून गेला, "आबा, चपला सांभाळ!"