कडेच्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी डूख धरतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. फाटक्या छत्र्या काय, मोडक्या खुर्च्या काय, त्यांनी सगळ्यांना सगळे माफ केलेले असते. मी कुणालाही माफ केलेले नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. खाली जाड लोखंडी पाट, त्यावर उभा खांब आणि खांबाच्या डोक्यावर पितळी दांडी. दांडीवर एक वजन सरकते. ही दांडी पोलादाच्या दोन बारीक धारांवर टेकलेली असते. माझी सगळी अक्कल त्या धारांत आहे, बाकी नुसते लोखंड. मला बनवणारा कारागीर शेवटची धार घासून झाल्यावर म्हणाला, "जा बाबा. कुणाचा मिंधा राहू नकोस." तेवढेच माझे शिक्षण.

तिथून मी शेतीच्या एका संशोधन केंद्रात आलो. पत्र्याच्या छपराची लांब खोली, भिंतीला टेकलेली पोती, सगळीकडे भुशाचा वास. धान्याच्या नव्या वाणांची परीक्षा इथे होत असे आणि निकाल मी सांगत असे. माझी देखभाल एक संशोधक बाई करायच्या. रोज सकाळी मऊ फडक्याने माझ्या धारा पुसायच्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "आमच्याकडे दोनच माणसं खरं बोलतात. एक मी, आणि दुसरा हा." मला फार बरे वाटायचे.

त्या केंद्राची एक रीत होती. वाफ्याच्या कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, शेजाऱ्यांची ओढाताण कमी असते, म्हणून त्यांची कणसे टपोरी होतात. लाडावलेलीच असतात ती. ती धरून वजन केले, तर अख्खे शेत तसेच पिकेल असा गैरसमज होतो. म्हणून कापणीला आधी कडेच्या ओळी कापून वेगळा ढीग करायचा. तो ढीग कापणाऱ्या बायका वाटून घरी नेत. आतले पीक तेवढे माझ्यावर यायचे.

मग केंद्रावर नवे मोठे साहेब आले. त्यांनी ज्वारीचे एक नवे वाण तयार केले आणि ते दीडपट पिकते असे जिथे-तिथे सांगत सुटले. कापणाऱ्या बायकांनी त्यांचे नावच 'दीडपट' ठेवले. बाईंची मुलगी आजारी होती म्हणून त्या रजेवर होत्या, नेमके तेव्हाच साहेबांनी पीक कापायला घेतले. जुन्या वाणाच्या कडा त्यांनी रीतीप्रमाणे काढल्या. स्वतःच्या वाणाच्या मात्र कडेसकट सगळ्या पेंढ्या झोडून धान्य माझ्यावर चढवले. मी काय करणार? जे ठेवले तेच तोलले. आकडा दीडपट आला.

बाई परत आल्या तेव्हा एक कापणारी कुरकुरत होती, "ताई, यंदा नव्या वाणाचं कडेचं आम्हाला दिलंच नाही हो."

बाई जागच्या जागी थांबल्या. त्याच वाणाचा दुसरा वाफा अजून उभा होता. त्यांनी तो स्वतः कापला, कडा बाजूला काढल्या आणि आतले धान्य माझ्यावर ठेवले. नवे वाण जुन्यापेक्षा सरस निघाले, पण जेमतेम. दीडपटीचा मागमूस नव्हता.

बाईंनी हे भर सभेत सांगितले, कारण त्या दीडपटीवर विसंबून गावोगावचे लोक जुने बी मोडीत काढणार होते. जुने बी कमी पिकते, पण पाऊस कमी झाला तरी तग धरते. ते एकदा घराघरांतून संपले की परत आणायचे कुठून?

साहेब शांतपणे हसले. "बाईंचा दोष नाही. काटा बिघडलाय. मी वजन केलं तेव्हा ठीक होता, आता धारा गंजल्यात. आणि काटा सांभाळणं कुणाचं काम होतं, हे काय मी सांगायला हवं?"

नाचता येईना, अंगण वाकडे! मित्रांनो, माझ्या धारा आरशासारख्या लखलखत होत्या. पण उठून पाहायला कुणी आले नाही. बाईंना प्रयोगशाळेतून काढून गोदामात पोती मोजायला बसवले. मला अडगळीत टाकले आणि माझ्या जागी विजेवर चालणारा काटा आला.

अडगळीत मी दुसरे काही केले नाही. फक्त साहेबांचा विचार केला. ते माझ्यावर उभे राहिलेत आणि मी त्यांना भुशाइतके हलके दाखवतोय, असली स्वप्ने मी पाहिली. त्यांच्या वाणाची पुन्हा परीक्षा झालीच, तर धार जराशी अडकवायची आणि त्याला जुन्या वाणाच्या खाली पाडायचे, हेही मी ठरवून टाकले होते.

पुढच्या हंगामात संधी आली. बियाणे गावांना वाटण्याआधी बाहेरून एक तपासनीस आले. त्यांनी शेतकऱ्यांना बोलावले, त्यांच्यादेखत दोन्ही वाणांच्या वाफ्यांच्या कडा काढायला लावल्या आणि पीक झोडून घेतले. नेमका तेव्हाच विजेचा काटा बंद पडला. उंदरांनी वायर कुरतडली होती. उंदीर अडगळीत माझे शेजारी होते हे खरे, पण मी त्यांना काही शिकवले नव्हते. मला बाहेर आणले. बाईंना गोदामातून हाक मारली. त्यांनी येऊन माझ्या धारा पुसल्या.

आधी जुने वाण चढले. मग साहेबांचे. आता! धार जरा अडकवली की झाले. पण बाईंचे फडके नुकतेच फिरले होते, आणि खोटे बोललो असतो तर साहेबांचा तो आळ मीच खरा केला असता. मी सरळ तोलले. नवे वाण सरस, जेमतेम.

"एवढंच?" एक म्हातारे शेतकरी म्हणाले. "आणि काटा तर अडगळीतला. तेवढा फरक त्याचाच असेल. आपलं जुनं बी काय वाईट आहे?" माणसे उठायला लागली.

साहेब घाबरले. त्यांचे अख्खे वाणच हातचे जात होते. ते पुढे धावले आणि माझ्या खांबावर हात ठेवून ओरडले, "थांबा, काका! काटा अगदी बरोबर आहे! याच्यात काडीचा फरक पडत नाही, मी सांगतो ना!"

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गाढव मी, पण त्या दिवसापुरते मला ते चालले.

बाईंनी आवाज चढवला नाही. "साहेब, त्याला तेल नाही, दुरुस्ती नाही. अडगळीतून काढून नुसता पुसलाय. मग सभेत बिघडलेला होता तो कुठला काटा?"

साहेबांचा हात खांबावरून खाली आला. तपासनीस त्यांच्याकडे बघत राहिले. मागून एक कापणारी हळूच म्हणाली, "दीडपट," आणि हसण्याची लाट उसळली. मी ते हसणे दाणा-दाणा तोलून घेतले.

नवे बी खऱ्या आकड्यानिशी गावांत गेले. लोकांनी ते रानाच्या एका कोपऱ्यात पेरून पाहिले आणि जुने जपून ठेवले. बाई प्रयोगशाळेत परतल्या. साहेब दुसरीकडे गेले. जाताना माझ्या खोलीवरून गेले, पण आत आले नाहीत.

मित्रांनो, आता माझी विनंती. माझ्या धारा कोरड्या फडक्याने पुसत जा, तेल नको, त्यावर धूळ बसते. आणि खरे सांगणाऱ्यावर खोटेपणाचा आळ घेऊ नका. बाई म्हणतात, झाले गेले विसरून जावे. त्या माणूस आहेत, त्यांना जमत असेल. मला विसरायला आणि माफ करायला कुणी शिकवले नाही. मला फक्त तोलता येते.