कटल्याचं डोकं

एकनाथने दोन बोटांनी फोनच्या नकाशावरचं धरण मोठं केलं आणि फोन वैष्णवीपुढे धरला. ओढा जिथे पाण्याला मिळतो, तिथे त्याने लाल खूण केली होती. उतरायला वाट आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

वैष्णवी जिन्याखाली धुणं वाळत घालत होती. ओले हात पदराला पुसून ती फोनवर वाकली. कासारसाईचं धरण वरून कसं दिसतं, हे तिला या भाडेकरूमुळेच कळलं होतं. एकनाथ भिगवणचा, उजनीच्या पाण्यावर वाढलेला. हिंजवडीत नोकरी लागली तसा तो तिच्या घराच्या माडीवरच्या खोलीत राहायला आला. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन धरणावर जायचा आणि हात हलवत परत यायचा. पाणी ओळखीचं नसलं की असं होतं. म्हणून त्याने नकाशा धरला. उन्हाळ्यात पाणी आटलं असतानाचे जुने फोटो काढायचा, बुडालेले बांध कुठे आहेत ते पाहायचा आणि भरल्या पाण्यात तीच जागा शोधायचा. बांधाच्या आडोशाला मासा थांबतो, असं त्याचं म्हणणं. माशांना ते अजून पटलं नव्हतं.

लाल खुणेच्या थोडं वर, ओढ्याच्या वळणावर, पत्र्याचा करडा चौकोन दिसत होता.

"हे पाण्याच्या मोटारीचं घर ना, वहिनी?"

वैष्णवीने तो चौकोन ओळखला. तो दशक्रियेचा घाट होता. तिचे सासरे कुशाबा गेल्या दिवाळीनंतर वारले, त्यांचा दहावा तिथेच झाला. घाटावरून सोडलेले पिंड ओढ्याच्या धारेने खाली येत आणि नेमके त्या लाल खुणेच्या डोहात थांबत. तिथले मासे माजलेले आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच गावातला कुणी तिथे गळ टाकत नसे.

"व्हय, मोटारीचंच," ती म्हणाली. "बाभळींच्या अंगानं उतरा. आन गांडूळ नगा लावू. भाताचा गोळा लावा, वाईच तीळ घालून. तितल्या माशांना त्येच आवडतं."

भात तिने स्वतःच मळून दिला. मिळाला तर एक आम्हालाही आणा, असंही सांगितलं.

हे सगळं तिला त्या क्षणी सुचलं असं म्हणणं खोटं होईल. दोन वर्षं एक सल तिच्या पोटात होता. पौडकडे तिचे वडील वारले, तेव्हा सासूने, रंभाबाईने, तिला दहाव्याला जाऊ दिलं नव्हतं. त्याच दिवशी जमीन बघायला बिल्डरची माणसं जेवायला येणार होती. गेलेला माणूस तू जाऊन उठणार आहे का, असं विचारून तिने वैष्णवीपुढे मटण रांधायला ठेवलं. रस्सा उकळल्यावर रंभाबाई चुलीपाशी आली, पळीभर रस्सा तिच्या तळहातावर ओतला आणि म्हणाली, मीठ बघ. तिकडे बापाच्या पिंडापुढे माणसं उभी होती आणि इकडे वैष्णवीने मीठ बघितलं. सासूपुढे थुंकायची हिंमत तिला झाली नाही. तेव्हापासून ती त्या घरात हसली असेल, पण सासूबरोबर कधी नाही.

एकनाथ दुपारच्या आत परतला, तो नाचतच. गांडुळाकडे कुणी फिरकलं नव्हतं. भाताचा गोळा पडला आणि पाणी उसळलं. नकाशा कधी खोटं बोलत नाही, असं तो दोनदा म्हणाला. दोन कटले मिळाले होते. मोठा त्याने खाली दिला आणि दुसरा तळायला वर नेला. त्याच्या पोटात काय जाणार, याचा विचार वैष्णवीने केला नाही.

तिने मासा मन लावून रांधला. खोबरं भाजलं, लसूण ठेचला. नवरा विश्राम कंपनीची गाडी चालवायचा, संध्याकाळी यायचा. त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी तिने वेगळी आमटी केली.

रंभाबाई पाटावर बसली, तशी वैष्णवी पातेलं घेऊन समोर आली. पळीभर रस्सा तिने सासूच्या तळहातावर ओतला.

"मीठ बघा, आत्या."

रंभाबाईने तळहात चाटला, मान हलवली आणि ताट पुढे केलं. दोन तुकड्या तिने चवीने खाल्ल्या. तिची उजवी करंगळी वाकडी होती, जेवताना घासाबाहेर राहायची. जात्यात सापडली होती, असं ती सगळ्यांना सांगे.

दुसरी तुकडी संपेपर्यंत वैष्णवी थांबली.

"मासा घाटाखालच्या डव्हातला हाय," ती म्हणाली. "मामंजींचं पिंड गेलं त्याच डव्हातला. मीच धाडलं व्हतं एकनाथला."

रंभाबाईचा हात ताटात थांबला. वैष्णवीला ओकारी ऐकायची होती, शिवी ऐकायची होती; थोबाडीत बसली असती तरी तिला चाललं असतं. माडीवर एकनाथ गाणं लावून जेवत होता.

"डोकं कुटं हाय?" रंभाबाईने विचारलं.

"पातेल्यात."

"आन हिकडं."

या घरात माशाचं डोकं कुशाबाचं असे. ते गेल्यावर विश्रामचं झालं. रंभाबाईच्या ताटात ते वैष्णवीने कधीच पाहिलं नव्हतं. तिने वाढलं. सासूने दोन्ही हातांनी जबडा फोडला आणि चोखायला घेतला. घाई अजिबात नव्हती.

"ही करंगळी जात्यात न्हाई गेली," ती खाता खाता म्हणाली. "इश्राम ल्हान व्हता, रडत व्हता. म्हनून डोकं त्येला वाढलं. तुज्या मामंजींनी माजा हात उंबऱ्यावर धरला आन बोट मोडलं. मग मलाच म्हनले, ऊठ, भाकरी वाढ."

वैष्णवीने पळी पातेल्यात ठेवली. दोन वर्षं जपलेलं हत्यार तिने चालवलं होतं, आणि ते म्हातारीला ओरखडाही न काढता आरपार गेलं होतं. उलट म्हातारी जेवत होती, पोटभर. तिची कीव करावी की तिचा गळा धरावा, हे वैष्णवीला कळेना.

रंभाबाईने काटे ताटाच्या कडेला नीट लावले.

"चांगला पोसलाय," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिने सुनेकडे नजर उचलली. "तुज्या बापाच्या दहाव्याला मीठ बरूबर सांगितलं व्हतंस. आज कमी पडलंय."

रंभाबाईने वाकड्या करंगळीचा तळहात तिच्यापुढे पसरला आणि तसाच धरून ठेवला.

वैष्णवी आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली.