तीजेच्या दिवशीचा फवारा

"तोंडाले बांधा म्हनलं ना!"

"दम कोंडते वं माहा."

"कोंडू द्या. हातमोजे घाला. नाई तं मी डोक्यावर पान्याचा गुंड उचलत नाई, सांगून ठेवते."

रुपराव कपाशीच्या बांधावर हात पसरून उभा राहिला आणि शामलानं त्याच्या तोंडाला पट्टी बांधली, डोळ्याला चष्मा चढवला. मग दोन पावलं मागे होऊन हसली. "लग्नातबी एवढे सजले नोयते."

मागच्या महिन्यात गावात शिबिर झालं होतं. ज्याच्या नावानं सातबारा, त्याला एक पिशवी मिळाली. पट्टी, चष्मा, हातमोजे. फवारणाऱ्यानं अंग झाकावं, असं साहेबानं सांगितलं. शामला मागे बायांत बसून ऐकत होती. तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागे लागली होती.

तुला नको का गं, असं कोणी विचारलं नाही. साहेबानं नाही, रुपरावनं नाही, तिनं स्वतःलाही नाही. ती कुठं फवारत होती? ती फक्त विहिरीवरून पाणी आणत होती, ड्रममध्ये औषध ओतत होती आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळत होती. काडीनं ढवळलं तर औषध खाली बसते अन् फवाऱ्याचं तोंड बुजते, असं आमच्याकडच्या बाया सांगतात. हात फिरवला की पाणी दुधासारखं होते. ज्या हातानं बेसन कालवायचं, शेण कालवायचं, त्याच हातानं विष. अन् या कामाला कोणी काम म्हणत नाही.

त्या दिवशी तीज होती. शामलाचा हरतालिकेचा उपास, पाण्याचा थेंबही नाही.

"आज राहू दे," रुपराव म्हणाला होता. "उद्या फवारू."

"चार दिसानं उघाड भेटली. माव्याची कीड पाहा कशी चिकटून राहिली पानाले. उद्या पानी आला तं काय करान?"

तिचंच खरं होतं. ऊन कडक पडलं होतं, काळ्या मातीतून वाफ निघत होती. रुपरावनं पंप पाठीवर घेतला.

सातवा पंप भरायला तो आला तेव्हा शामला ड्रमजवळ खाली बसली होती. सारं अंग घामानं निथळत होतं.

"काय झालं वं?"

"गरगरून राह्यलं. मळमळते."

शेजारच्या वावरातून कुसुमताई धावत आली. तिनं शामलाच्या कपाळाला हात लावला. "काई नाई गा भाऊ. निर्जळ हाय, पित्त चढलं. निंबाखाली निजव."

"घोटभर पानी पाजू का, ताई?"

"अरे बाप्पा! तीज मोडतेत का कोनी?"

शामलाही मान हलवत हसली. "तुमच्यासाठीच तं उपास हाय. तुमीच मोडाले सांगता? जा, कपाशीच्या चार ओळी राह्यल्या, तेवढ्या करून घ्या."

तिच्या ओठाच्या कडेनं लाळ आली. रुपरावनं हातमोजा काढला, खिशातला रुमाल घेतला आणि पुसली. पुन्हा आली, पुन्हा पुसली. पहाटेपासून थेंब न घेतलेली बाई, तिच्या तोंडातून पाण्याची धार लागली होती. लुगड्याचा पदर भिजला होता. एवढं पाणी येते कुठून, हे त्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. कुसुमताईच्या आलं नाही. ज्या गावात बाईला भोवळ आली की उपास, ऊन नाहीतर दिवस गेलेले, एवढीच तीन कारणं ठाऊक, त्या गावात कोणाच्या डोक्यात येणार?

रुपरावनं हातमोजा घातला आणि उरलेल्या ओळी फवारून काढल्या.

चार वाजता मिनल, त्यांची पोरगी, कॉलेजातून आली. पूजेची फुलं घेऊन थेट वावरात. तिनं आईच्या पापण्या वर केल्या, कॉलेजात शिकवलेलं तिला आठवलं अन् ती ओरडली.

"बाबा, हिच्या डोयाची बाहुली पाहा! टाचनीच्या टोकाएवढी झाली! आईले इख चढलं बाबा!"

आधी सावनेरचा दवाखाना, तिथून नागपूर. डॉक्टरनं विचारलं, "कालवत कोण होतं? हातानं? कधीपासून?"

"सकाळपासून," रुपराव म्हणाला. डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

तिसऱ्या दिवशी शामला गेली.

तेरवीला उघाडच होती. अर्धं गाव वावरातून फवारणी सोडून, हातपाय धुऊन पंगतीला बसलं होतं. बायांच्या पंगतीत बोलणं चाललं होतं.

"भाग्याची वं. कपायाले कुकू, मांगं नवरा जिता."

"तीजेच्या उपासानं नेलं. सोनं झालं बाईचं."

वाढायला उभा असलेल्या रुपरावनं वरणाची बादली खाली ठेवली.

"उपासानं नाई मेली थे."

"बस गा रुपराव," भैय्याजी म्हणाले. गावातले वडीलधारे, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. "आज तेरवी हाय."

"तेरवी हाय म्हनूनच सांगतो. माह्या ड्रममदी हात घालून मेली. म्या मोजे घालून फवारून राह्यलो, थे उघड्या हातानं ढवळून राह्यली. म्या तिची लाळ पुसली, भैय्याजी. दोनदा पुसली, आन वापस फवाराले गेलो. मले येडा म्हना, मारा पायजे तं. पन माह्या बायकोचं मरन देवाच्या नावावर नका घालू."

मिनलनं बापाचा दंड धरला.

कुसुमताईनं वरणभात कालवला होता. घास तोंडाजवळ नेता नेता ती थांबली, आणि तिनं आपल्या उजव्या हाताचा वास घेतला.

सकाळीच तिनं तीन ड्रम ढवळले होते. घास तिनं पत्रावळीवर ठेवून दिला.