पुडक्यातली नवी बाब

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. पाहुणे पांगले आणि वडिलांनी अंथरूण धरलं.

थोरली पुराचा अंदाज बांधणाऱ्या कचेरीत होती. तिथे एकाच हिशेबाला साठ कॉम्प्युटर जुंपलेले. नदीचा एकेक तुकडा एकेकाकडे. आपल्या हद्दीवरची खबर पुडकं बांधून शेजारच्या कॉम्प्युटरला धाडायची, अशी रीत. पुडक्यात काय काय आहे, कोणत्या क्रमाने, हे आधी नोंदवावं लागे. नोंदलं नाही ते शेजाऱ्याला पोचतच नसे, आणि एकही कॉम्प्युटर ब्र काढत नसे.

बुधवारी सकाळी आईचा फोन आला. "बाई, डॉक्टर म्हणतात आजच भेटून घ्या. बाबा सारखे दाराकडे बघतायत."

"निघालेच," म्हणून थोरलीने पिशवी उचलली, तोच साहेब आले.

"धरणाचे दरवाजे उघडलेत आणि तुझे कॉम्प्युटर म्हणतात, खाली पाणी वाढणारच नाही! नदीकाठची वस्ती उठवायची की नाही?"

तिला कळायला वेळ लागला नाही. दरवाजे उघडे की बंद, ही नवी बाब तिनेच गेल्या आठवड्यात पुडक्यात घातली होती, वडिलांना बघून इस्पितळातून थेट कामावर येऊन. नोंद जुनीच राहिली. शेजाऱ्याला दरवाजे बंदच दिसत होते.

"तू जा गं, मी बघतो," पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

"तुला माझं पुडकं सोडवायलाच संध्याकाळ होईल."

"या कॉम्प्युटरांपेक्षा मुकी जनावरं परवडली. निदान हंबरतात तरी."

ती हसली नाही. पिशवी खांद्यालाच ठेवून बसली. घाईत नोंदीतला क्रम चुकला, पाण्याच्या उंचीच्या जागी दरवाजे जाऊन बसले. पुन्हा पहिल्यापासून. फोन दोनदा वाजला. तिने तो पालथा घातला. अखेर साठही जणांचं एकमत झालं: पाणी वस्तीत शिरणार. साहेब फोनकडे धावले.

"आता तरी निघ," सहकारी म्हणाला.

ती धावतच निघाली.

इस्पितळात खाटेवरची चादर बदलून झाली होती. धाकटी दारातच उभी होती.

"आता कशाला आलीस, ताई?"

"पाणी येणार होतं," थोरली म्हणाली. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. मग तिने कोपऱ्यातल्या वडिलांच्या चपला उचलल्या आणि पिशवीत घातल्या.

वस्ती वेळेत रिकामी झाली. पाण्यात कोणी गेलं नाही. वडील त्याच बुधवारी भर दुपारी गेले.